उजळ नदी

पडदा उजळ होता, म्हणजे मावशींचं डोकं शांत होतं. तरी भाच्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

पडद्यावर नदीतून एक होडी संथ चालली होती. मावशींच्या डोक्यावर कापडी टोपी होती आणि टोपीखाली लेप लावून चिकटवलेल्या तीन तारा. त्या टेबलामागून मॅडमच्या यंत्रात जायच्या. मन शांत असलं की नदीवर ऊन पडायचं, मन घाबरलं की चित्र काळवंडायचं. आपली घालमेल अशी डोळ्यांसमोर दिसली की मेंदू हळूहळू शांत राहायला शिकतो, असा हा उपचार. मॅडम आठ वर्षं हेच करत होत्या.

दोन महिन्यांपूर्वी मावशी माळ्याच्या शिडीवरून पडल्या. डोक्याला अकरा टाके पडले. त्या दुपारचं काही आठवत नाही म्हणाल्या, झोप उडाली, हात कापायला लागले. भाचा त्यांच्याच घरात राहायचा. दवाखान्यात त्यानेच नेलं, औषधं त्यानेच आणली, इथेही तोच घेऊन यायचा. पोटचा मुलगा करणार नाही इतकं करतो, असं शेजारीपाजारी म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात मात्र काही खरं नव्हतं. नदी जरा उजळायची, आणि गाडी लावून वर येणाऱ्या भाच्याचे बूट जिन्यात वाजले की काळीठिक्कर पडायची. "आवाजाला घाबरतात," मॅडम म्हणाल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवी टोपी आणली आणि एकदम फरक पडला. "टोपी लाभली हं तुला मावशी," भाचा हसून म्हणाला होता.

आज शेवटची बैठक होती. मावशींना त्यांच्या मैत्रिणीकडे राहायला जायचं होतं. मैत्रीण खाली गाडीत वाट बघत होती. आणि भाच्याच्या खिशात एक अर्ज होता, शहराबाहेरच्या एका बंदिस्त शुश्रूषागृहाचा. तिथे एकदा दाखल झालेल्या माणसाला, सही करणारा नातेवाईक सोडून कोणी भेटू शकत नसे.

"डोकं ठिकाणावर असेल तर खुशाल जाऊ दे तिला," तो मॅडमना म्हणाला. "घाबरत असेल तर मी आत्ताच्या आत्ता सही करतो. शेवटी जबाबदारी माझ्यावर आहे."

"प्रश्न तुम्हीच विचारा. पडद्यावर दिसेलच."

मॅडमनी नेहमीचे मोठे हेडफोन अंबाड्यावरून नीट बसवले, हात मांडीवर ठेवले आणि पाच मिनिटं डोळे मिटून घेतले. दर वेळी त्या असंच करायच्या.

"एक दिवस तुम्हीच घोरायला लागाल," भाचा म्हणाला.

मॅडम नुसत्या हसल्या.

त्याने आधी साधेच प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का. मावशी सावकाश उत्तरं देत होत्या, नदी लखलखत होती. मग तो उठून टेबलाशी आला, मॅडमचा एक हेडफोन बोटाने बाजूला सारला आणि त्यांच्या कानाशी वाकला.

"अहवाल माझ्याच हातात द्यायचा. दुसऱ्या कुणाला एक कागद जरी दिलात ना, तर बघा. तुमची सुटायची वेळ, घरचा रस्ता, सगळं पाठ आहे मला."

चित्र झपकन काळवंडलं.

भाच्याने वळून पाहिलं. मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांची नजर होडीवरच होती, पापणीसुद्धा हलली नव्हती.

"हे काय झालं?"

"कान तिखट आहेत त्यांचे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित बसला होता. "चाळीस वर्षं शाळेत काढलीत. मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा सुटायची नाही त्यांच्या कानातून."

"हां, ते मात्र खरं," तो म्हणाला. पण खिशातला अर्ज त्याने बाहेर काढला होता.

नदीवर पुन्हा ऊन यायला पुरतं एक मिनिट गेलं. ते मिनिट संपता संपत नव्हतं.

मग तो मावशींच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला. डोळे मात्र पडद्यावर.

"मावशी, त्या दिवशी शिडी कुणी धरली होती?"

"कोण धरणार? एकटीच होते ना मी?"

पडदा उजळ.

"आणि समज, मी धरली असती. आणि मग सोडली असती, तर?"

मावशींनी हात पुढे केला आणि त्याची कॉलर सारखी केली.

"तू कशाला सोडशील रे?"

ऊन हललं नाही. होडी चालत राहिली. भाचा बराच वेळ टक लावून बघत होता. शेवटी त्याने मोठा श्वास सोडला आणि अर्जाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले.

"जा मावशी. राहा चांगली महिनाभर."

मॅडमनी पडदा बंद केला आणि मग मावशींची टोपी उतरवली. आधी पडदा, मग टोपी, हा त्यांचा ठरलेला क्रम होता. मावशी मैत्रिणीच्या हाताला धरून जिना उतरल्या. गाडी निघून गेलेली भाच्याने खिडकीतून पाहिली.

"मानलं बुवा तुमच्या यंत्राला," तो म्हणाला आणि शीळ घालत खाली गेला.

मॅडमनी दाराला आतून कडी लावली आणि तशाच खुर्चीत बसून राहिल्या. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"पोचलो गं," मावशी म्हणाल्या. "समोर साहेब बसलेत, तक्रार लिहून घेतायत. शिडी त्याने कशी सोडली, काय म्हणत सोडली, सगळं सांगितलं. तू बरी आहेस ना पोरी?"

"बरी आहे, बाई."

मॅडमनी फोन ठेवला, हेडफोन काढले, अंबाडा सोडला आणि केसांत लेपाने चिकटवलेल्या तिन्ही तारा एकेक करून सोडवल्या.