जोडीचा फोटो

"चालेल हा," परतकाका म्हणाले आणि त्यांनी फोटो अर्जाला टाचणीने लावला.

तिचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. याच फोटोपायी या माणसाने तिला हेलपाटे घालायला लावून चपला झिजवल्या होत्या. पलटणीच्या कार्यालयातल्या या हेडक्लार्कचं खरं नाव खिडकीपुढच्या रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून जवानांच्या बायका त्यांना परतकाका म्हणत. शाई निळी वापरली, परत. शिक्का पुसट उठला, परत. वर रागवायची सोय नाही, कारण काका आवाज म्हणून चढवत नसत.

तिचं घोडं पेंड खात होतं ते जोडीच्या फोटोपाशी. लग्नाची नोंद झाल्याशिवाय क्वार्टर मिळत नाही, आणि नवराबायकोच्या फोटोशिवाय नोंद होत नाही. त्यातही दोघांनी नीट समोर बघायला हवं. आता लग्न झालेलं घाईत, लगेच नवऱ्याला सीमेवरून बोलावणं. घरात होते ते सगळे फोटो लग्नातले, आणि एकातही ही बया समोर बघत नव्हती. ज्यात बघावं त्यात नवऱ्याकडे.

"लग्नात नवऱ्याकडे नाही बघायचं तर काय फोटोग्राफरकडे बघायचं?" मागच्या खेपेला तिने विचारलं होतं.

"तोंड अर्धंच दिसतंय, बाई. अर्ध्या बायकोची नोंद होत नाही."

तेव्हा तिला हसावं की रडावं कळलं नव्हतं. तिचा सगळा संसार भाड्याच्या एका खोलीत, न उघडलेल्या खोक्यांत पडून होता. घरमालकीण येता-जाता टोमणे मारी, "खोली दिलीय, गोदाम नाही." आणि नवऱ्याने निघताना एकच गोष्ट मागितली होती. सुट्टीवर येईन तो आपल्या घरी येईन, तेवढं बघ. तेवढं तिला करून दाखवायचं होतं. सीमेवरच्या त्याच्या चौकीवर फोन लागत नाही, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. मनाशी बोलायची ती. पडदे कुठले लावू, पलंग कुठल्या भिंतीला लावू, सगळं त्याला विचारून.

"आज सूर्य कुठून उगवला, काका?" ती हसत म्हणाली.

काका हसले नाहीत. उठून त्यांनी बाजूचं दार उघडलं. "आत ये, पोरी. बस."

पोरी? आजवर या खिडकीत ती फक्त बाई होती. ती आत गेली तशी दोघे कारकून बोलता बोलता थांबले. एक जण चहाचा पेला तसाच टाकून बाहेर निघून गेला. तिला वाटलं, आपण आत आलेलं त्यांना रुचलं नसेल. असेना का! काम होतंय ना, मग कुणी का तोंड वाकडं करेना.

काकांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि राहिलेले रकाने स्वतःच भरायला घेतले. नवऱ्याचा पलटणीतला नंबर तर त्यांनी कुठे न बघता सरळ लिहून टाकला. तो लांबलचक नंबर तिला स्वतःलासुद्धा अजून बघून लिहावा लागे.

"तुम्हाला कसा पाठ, काका?"

"सकाळी लिहावा लागला," काका म्हणाले आणि पेन थांबलं.

"कशावर?"

"इथे सही कर."

तिने सही केली. खाली तारीख घालायला गेली, तर त्यांनी तिच्या हातातून हळूच पेन काढून घेतलं. "ती मी घालतो." निळ्या शाईसाठी अर्ज माघारी धाडणारा तो माणूस, आणि त्याने तिच्या देखत कालची तारीख घातली.

"काका, चुकलं तुमचं. आज—"

"चुकलं नाही. कालचीच हवी." त्यांनी खालमानेने अर्ज शिक्क्याखाली सरकवला. "आजची घातली तर तुझं नाव कुठेच लागणार नाही, पोरी. त्याच्या कागदावर अजून, कळवायला म्हणून, एकट्या आईचं नाव आहे."

"काय कळवायला?"

उरलेला कारकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपण अजून हसतोय, हे तिला जाणवत होतं आणि ते हसू काही केल्या तोंडावरून उतरत नव्हतं. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकांनी शिक्का उचलला.

तिने झडप घालून अर्ज ओढला. टाचणी बोटात घुसली तरी उपसून काढली आणि फोटो काढून घेतला.

"नाही, हा नाही चालणार. नीट बघा ना. यात मी समोर कुठे बघतेय? नियमात बसत नाही हा." ती भराभर बोलत होती. "आम्ही दुसरा काढतो, काका. ते आले की त्याच दिवशी काढतो. मी सरळ बघेन, एकदासुद्धा त्यांच्याकडे बघणार नाही. तोवर तुम्ही हा घेऊ नका."