गॅरेजमधला हीटर

मिनेसोटात बर्फ पडायला लागलं होतं आणि थकलेल्या ऑर्व्हिलला कुठलाही हीटर चालला असता. त्याची बायको लव्हॉन आज आपण होऊन त्याच्याबरोबर दुकानात आली होती, एवढंच त्याला पुष्कळ होतं.

"गॅरेजसाठी ना? मग हा पंख्याचा घ्या," दुकानदार डेल म्हणाला. "रॉकेल जरा जास्त पितो, पण जागा चटकन तापवतो."

"आणि घरघर किती करतो! यांना झोप लागायची नाही," लव्हॉन म्हणाली. "तो गोल, वातीचा दाखवा. वास तर येत नाही ना?"

"पेटवताना थोडा येतो. पण गॅरेजमध्ये झोपणार असाल तर आधी तो विझवायचा हं, आजोबा! नाहीतर कोंडलेल्या हवेत जीव जाईल."

"मी स्वतः जाऊन विझवीन. यांचा काही भरवसा नाही." बोलता बोलता तिने ऑर्व्हिलच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तो श्वास रोखून उभा राहिला.

डेल हसला. "नशीबवान आहात, आजोबा. आमची बायको असं काही विचारतही नाही."



"बायको? अहो, भलतंच काय बोलता! हे कोण, कुठले, मला ठाऊक नाही. रोज संध्याकाळी दाराशी येतात, परक्या माणसाला घरात कसं घेऊ? पण गॅरेजमध्ये असं गारठत ठेवलेलं कळलं, तर माझा ऑर्व्हिल आल्यावर मलाच रागावेल."