सगुणबुवांची दुपारची झोप

"तबलो मागे पडलो!"

सगुणबुवा खाटेवर ताडकन उठून बसले. चंद्रावतीने मोबाइल बंद केला आणि कपाळावर हात मारला. नवऱ्याची आजचीही झोप गेली.

आठ दिवसांपूर्वी देवळात ऐन भजनात बुवांचं प्रेशर चढलं आणि डोकं पेटीवर टेकलं. साखळी गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "जेवल्यावर तासभर झोपायचंच. नाहीतर इस्पितळात ठेवून घेईन. झोप येत नसेल तर मंद संगीत लावा." वास्कोला दिलेल्या लेकीने लगेच गाणी पाठवली.

पण ज्या माणसाने चाळीस वर्षं चार गावांना भजन शिकवलं, जो पाव विकायला येणाऱ्या पदेराच्या भोंग्यालाही "बेसूर मेलो" म्हणायचा, त्याच्या कानांना मंद संगीत काय करणार? बासरी लावली, तर निषाद चढा लागतो म्हणाले. संतूर लावलं, तर तासभर पांघरुणाखाली मात्रा मोजत राहिले. आज तबल्याने घात केला.

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीने संगीताचा नादच सोडला. पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कोंबड्या शेजारी पार्वतीकडे नेऊन सोडल्या. घर कसं चिडीचूप झालं. दहा मिनिटांनी बुवा पुन्हा उठून बसले, घामाने निथळत.

"आता कसलो आवाज?"

"आवाज नाय गो. मनातल्या मनात गायलंय. अंतरो चुकलो."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. चंद्रावती घाबरली. आता पिशवी भरून इस्पितळाची वाट धरावी लागणार. तिने त्यांना आडवं केलं, खाटेशी जमिनीवर बसली आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसं थोपटू लागली. थोपटता थोपटता पेडण्याला माहेरी असताना बायकांबरोबर नाचत म्हटलेलं धालोचं एक गाणं तिच्या नकळत ओठांवर आलं.

बुवांनी एक डोळा उघडला. "अगो, सूर..."

"सूर गेलो खड्ड्यात! तुमी ओगी पडून रावात!"

सगुणबुवांना गप्प बस असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते इतके गांगरले की त्यांनी निमूट दोन्ही डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या मुठी सैल पडल्या. तिसऱ्याला घोरणं सुरू झालं, तेही तालाला सोडून.

चंद्रावती थांबली नाही. बुवांसाठी आता गायची काहीच गरज नव्हती. पण बत्तीस वर्षांच्या संसारात या घरात तिला पहिल्यांदाच एक गाणं शेवटपर्यंत म्हणायला मिळत होतं.