प्रमिलाबाईंचा खोकला

सुरतेतल्या लिंबायतच्या एका साडीच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या बायकांना खोकला नवा नव्हता; कापडाची बारीक तूस घशात जायचीच. तिथल्या एकुलत्या एक पंख्याखाली प्रमिलाबाई बसायच्या आणि रंजनाला ती जागा फार दिवसांपासून हवी होती. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा रंजनाने शेठला बाजूला गाठून हळूच सांगितलं, "प्रमिलाबाई फार खोकतात. अंगात तापही आहे म्हणे."

ताप तिने स्वतःच जोडला होता.

प्रमिलाबाईंना लगेच गावी जायला सांगत शेठ दारातूनच ओरडला, "बेन, तमे हमणां गामडे जाओ!" बायका उठून भिंतीला चिकटल्या. प्रमिलाबाईंना त्यांचा डबासुद्धा कुणी हातात दिला नाही. रडत रडत त्या धुळ्याच्या एसटीत बसल्या. आठवडाभरात कारखानाच बंद पडला आणि बाकीच्याही आपापल्या गावी पळाल्या.

दिवाळीनंतर सगळ्या परत आल्या. रंजनाला प्रमिलाबाईंकडे बघवत नव्हतं. प्रमिलाबाई मात्र नेमक्या तिच्याच शेजारी येऊन बसल्या.

"घरी पोचले, तर माय अंथरुणाला खिळलेली. माझ्या हातून दोन घोट पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तुमच्यासारखी आठवड्यानं निघाले असते ना रंजना, तर तिचं तोंडही दिसलं नसतं."

प्रमिलाबाई रंजनाच्या आणखी जवळ सरकल्या.

 

"शेठला माझं नाव कुणी सांगितलं, तुला माहीत आहे का गं? मला तिच्या पाया पडायचं आहे."