वाचून या!

मिन्स्कमधल्या यादविगाबाईंनी बंदी घातलेली कादंबरी कशीबशी मिळवली, पानन् पानाचे फोटो काढून आपल्या वाचक मंडळात गुपचूप पाठवली. रविवारी सगळे ऑनलाइन जमले.

"बोला, पळून गेलेली नायिका शेवटी परत का येते?"



"बाई, मी गावाकडे बटाटे काढत होते," पालिना म्हणाली.

"माझा चष्मा तुटलाय," विकेन्त्सी म्हणाला. "शेवट तुम्हीच सांगून टाका ना!"

बाई भडकल्या. "मेल्यांनो, यापायी मी तुरुंगात जाईन आणि तुम्ही बटाटे काढा!"

"तिची मुलगी मागेच राहिलेली असते म्हणून," कॅमेरा बंद ठेवून बसलेला नवा सभासद अंतोन म्हणाला. "तळटीपेत आहे."

"बघा! तळटीपसुद्धा वाचलीय! शिका जरा!"

मंगळवारी पोलिसांनी बाईंना उचललं. चौकीत समोर बसलेल्या साहेबानं तोंड उघडलं आणि बाईंनी आवाज ओळखला. अंतोनच होता तो.

"मंडळातल्या कुणीकुणी वाचलंय हे पुस्तक? खरं सांगायचं."

बाईंचा रविवारचा राग अजून उतरला नव्हता.

"शप्पथ घेऊन सांगते साहेब, तुम्ही सोडून एकाही मेल्यानं वाचलेलं नाही!"