पोटुशी

चौऱ्याण्णव साली निमगाव केतकीच्या मंडळाचं नाटक बारामतीच्या स्पर्धेत उतरणार होतं. त्यातली पोटुशी ऊसतोडणीवालीची भूमिका रोहिणीच करायची, पण तिला खरोखरच दिवस गेले आणि नाटक बसवणाऱ्या मानसिंगतात्यांनी तिला काढलं. "खरीच पोटुशी बाई स्टेजवर बरी दिसंल व्हय?" तिच्या जागी लुगडं नेसलेला नागेश पोटाला उशी बांधून तालीम करत होता, दरवेळी टुणकन उठत होता. तात्या वैतागले आणि तालीम बघायला आलेल्या रोहिणीला म्हणाले, "रोहिणी, उठून दाव गं ह्याला." भुईला हात टेकत, कंबर सावरत ती उठली. "अजून एकदा." ती बसली, पुन्हा उठली. नागेश परत टुणकन! "दाव की पुन्यांदा!" रोहिणीला धाप लागली. ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली आणि नागेशच्या पोटाकडं बघत म्हणाली, "तात्या, स्टेजवर उशी बरी दिसती न्हवं? मग उठायचं कसं ते उशीलाच इचारा."