गुदमरण्याचा सीन

भुताच्या सिनेमासाठी उभारलेल्या प्लायवूडच्या विमानात धूर सोडला, प्रवासी झालेले नट किंचाळू लागले आणि शशिकांत उपळेकरांना खरोखरच धाप लागली. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. कॅमेरा चालूच राहिला.

'कट' झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उपळेकर पट्टा सोडून कसेबसे दाराशी आले आणि दम्याचा पंप ओढत बसले. तीस वर्षं ते गर्दीतली माणसं करत आले होते. त्यांच्यासाठी टाळ्या पडल्या त्या आज पहिल्यांदाच.

तरुण दिग्दर्शक धावत आला. "काका, भुतानं गळा धरल्यासारखंच वाटलं. फक्त फोकस हुकला. परत एकदा द्याल?"

"अरे, मी खरंच गुदमरत होतो. हात केला होता मी."

"पाहिलं ना. म्हणून तर थांबवलं नाही. जमत नसेल तर त्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवतो."

उपळेकरांनी पंपाचा आणखी एक झुरका ओढला. मग पंप मेकअपवाल्या बाईंच्या हातात देऊन ते आत गेले, पट्टा बांधला आणि म्हणाले, "या वेळी चेहरा नीट दिसेल ना?"